सात पुस्तके, २१४ शिखरे : एका मार्गदर्शिकेने डोंगर कसे बदलले

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशातील २१४ शिखरे आज 'वेनराइट' या एकाच नावाने ओळखली जातात. ती कोणत्याही सरकारी पाहणीतून निवडली गेलेली नाहीत आणि उंचीचा काटेकोर निकषही त्यांना लागू होत नाही. केंडल या छोट्या शहराच्या नगरपालिकेत हिशेब सांभाळणारे आल्फ्रेड वेनराइट यांनी १९५५ ते १९६६ या काळात सात खंडांची सचित्र डोंगर-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात ज्या शिखराला स्वतंत्र प्रकरण मिळाले ते शिखर 'वेनराइट' ठरले. एका माणसाची आवड, त्याची पायपीट आणि त्याचे हस्ताक्षर यांनी एका प्रदेशाचा भूगोलच नव्याने मांडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

'अ पिक्टोरियल गाइड टू द लेकलँड फेल्स' हे या ग्रंथमालेचे नाव. तिच्या २० लाखांहून अधिक प्रती आजवर विकल्या गेल्या असून ती आजही छापली जाते. डोंगरभटकंतीच्या पुस्तकांचे आयुष्य एरवी अल्प असते. वाटा बदलतात, पूल वाहून जातात, बसमार्ग बंद होतात आणि पुस्तक जुने होते. ही मालिका मात्र सात दशके टिकली. ती का टिकली, तिने डोंगर चढणाऱ्यांना काय शिकवले आणि ज्या डोंगरांचे तिने कौतुक केले त्यांना त्याची काय किंमत मोजावी लागली, हे समजून घेणे आज अगत्याचे झाले आहे. कारण निसर्गरम्य स्थळाचा पत्ता सर्वांना सांगणे आणि ते स्थळ जपणे यांतील ताण आता जगातील प्रत्येक डोंगररांगेत जाणवू लागला आहे.

चाकाच्या आऱ्यांसारख्या दऱ्या

लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ २,३६२ चौरस किलोमीटर आहे. १९४९ च्या कायद्यानंतर १९५१ मध्ये हे उद्यान घोषित झाले आणि २०१७ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. भारतीय मापाने पाहिले तर येथील डोंगर ठेंगणेच. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्काफेल पाइक येथेच आहे आणि त्याची उंची ९७८ मीटर आहे. महाराष्ट्रातील कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तथापि उंचीच्या आकड्यावरून या प्रदेशाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्या, तळाशी लांबट सरोवरे, त्यांतून थेट उठणारे कडे आणि माथ्यावर अचानक उतरणारे धुके यांमुळे कमी उंचीवरही येथे डोंगराचा पूर्ण अनुभव येतो.

मध्यभागी उंच कातळप्रदेश आणि तेथून चहूकडे पसरलेल्या दऱ्या, अशी या भूभागाची रचना आहे. कवी विल्यम वर्ड्सवर्थ यांनी या दऱ्यांना चाकाच्या आऱ्यांची उपमा दिली होती. उत्तरेकडे जुन्या पाटीच्या दगडाचे गोलसर, गुळगुळीत डोंगर आहेत. मध्यभागी ज्वालामुखीजन्य खडकाचे खडबडीत कडे आहेत. दक्षिणेकडे उंची कमी होत जाते आणि प्रदेश झाडीत उतरतो. डोंगराला 'फेल', माथ्यावरच्या छोट्या तळ्याला 'टार्न' आणि ओढ्याला 'बेक' म्हणण्याची पद्धत मध्ययुगात येथे स्थायिक झालेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आली आहे.

हा प्रदेश निर्मनुष्य रानही नाही. दगडावर दगड रचून, चुन्याशिवाय बांधलेल्या भिंती शेकडो मीटर उंचीपर्यंत चढत जातात. माथ्यावर हर्डविक जातीच्या मेंढ्या चरतात. कुंपण नसलेल्या डोंगरावर प्रत्येक कळप आपापल्या हद्दीतच राहतो, कारण ती हद्द मेंढी आपल्या कोकराला शिकवते आणि हे ज्ञान पिढ्यानपिढ्या कळपातच उतरते. युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली ती निसर्ग आणि ही मेंढपाळ संस्कृती या दोहोंच्या संयोगाला.

काय पाहावे, हे सांगणारी पुस्तके

लेक डिस्ट्रिक्टसाठी मार्गदर्शिका लिहिणारे वेनराइट पहिले नव्हेत. थॉमस वेस्ट या धर्मगुरूंनी १७७८ मध्ये या प्रदेशाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सरोवरांच्या काठी कोणत्या ठिकाणी उभे राहिले असता दृश्य सर्वांत देखणे दिसते, ती 'स्थानके' त्यांनी नेमून दिली. त्या काळचे हौशी प्रवासी सोबत किंचित काळसर, बहिर्वक्र आरसा बाळगत. नेमलेल्या जागी पोहोचले की दृश्याकडे पाठ करून ते आरशातले प्रतिबिंब पाहत, कारण त्यात निसर्ग एखाद्या तैलचित्रासारखा चौकटीत बसत असे. डोंगर चढण्यासाठी नसून दुरून न्याहाळण्यासाठी आहे, ही त्या पुस्तकांची धारणा होती.

वर्ड्सवर्थ यांनी ही दृष्टी बदलली. त्यांचा मार्गदर्शनपर मजकूर १८१० मध्ये एका चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून निनावी प्रसिद्ध झाला आणि १८३५ पर्यंत वाढत वाढत त्याचे स्वतंत्र पुस्तक झाले. प्रदेशाची घडण, हवामान, घरांची बांधणी आणि शेतकऱ्यांचे जीवन यांचा एकत्र विचार त्यांनी केला. पाहण्याची दृष्टी आणि आस्वाद घेणारे मन ज्याच्याजवळ आहे अशा प्रत्येकाचा या प्रदेशावर राष्ट्रीय ठेवा म्हणून हक्क आहे, असा विचार त्यांनी मांडला. राष्ट्रीय उद्यानाच्या कल्पनेचे बीज अनेक अभ्यासक या विचारात पाहतात.

याच वर्ड्सवर्थ यांनी १८४४ मध्ये केंडल ते विंडरमेअर या प्रस्तावित रेल्वेला कडाडून विरोध केला. कारखान्यांच्या शहरांतून मजुरांचे लोंढे आले तर येथील शांतता नष्ट होईल आणि त्या मजुरांनाही निसर्गाचा खरा लाभ होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रेल्वे १८४७ मध्ये सुरू झालीच. सर्वांचा ठेवा म्हणायचे आणि सर्वांच्या येण्याला भ्यायचे, हा पेच त्यांना सोडवता आला नाही. तो पुढे प्रत्येक मार्गदर्शिकेच्या वाट्याला आला.

गिरणगावचा मुलगा

वर्ड्सवर्थ यांना ज्या वर्गाची धास्ती वाटत होती, त्याच वर्गातून वेनराइट आले. १७ जानेवारी १९०७ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न या सूतगिरण्यांच्या शहरात त्यांचा जन्म झाला. वडील पाथरवट होते. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून ते नगरपालिकेच्या कचेरीत नोकरीला लागले आणि काम करता करता अभ्यास करून लेखापाल झाले.

जून १९३० मध्ये, २३ व्या वर्षी, ते चुलतभावासह प्रथमच लेक डिस्ट्रिक्टला आले आणि विंडरमेअर स्थानकाजवळच्या ऑरेस्ट हेड या जेमतेम २४० मीटर उंचीच्या टेकडीवर चढले. सरोवर आणि त्यापलीकडची शिखरांची ओळ पाहून ते थक्क झाले. त्या दर्शनाने आपल्या आयुष्याची दिशा ठरवली, असे त्यांनी पुढे अनेकदा नमूद केले. लँकेशायरच्या कापडधंद्यासाठी तो काळ मंदीचा होता. जागतिक बाजार कोसळला होता आणि भारतात परदेशी कापडावर बहिष्कार सुरू होता. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९३१ मध्ये, महात्मा गांधी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन येथे बेकार गिरणी कामगारांना भेटले. धुराने काळवंडलेल्या अशा शहरांतील तरुणांना मोकळ्या डोंगराची ओढ किती तीव्र होती, याची साक्ष १९३२ मध्ये किंडर स्काउट येथे झालेल्या सामूहिक प्रवेश सत्याग्रहातूनही मिळते. खासगी मालकीच्या पठारावर चालण्याचा हक्क मागणाऱ्या त्या आंदोलनात कामगार तरुणच पुढे होते.

वेनराइट यांनी १९४१ मध्ये कमी पगार पत्करून केंडलच्या नगरपालिकेत बदलीची नोकरी मिळवली. १९४८ मध्ये ते तेथे कोषाधिकारी झाले. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी संध्याकाळी त्यांनी मार्गदर्शिकेचे पहिले पान लिहायला घेतले. आपल्याला १३ वर्षे लागतील, असे वेळापत्रक त्यांनी आखले. वृद्धापकाळी पाय थकल्यावर घरबसल्या डोंगर आठवता यावेत म्हणून स्वतःसाठी ठेवलेली टिपणवही, एवढाच आरंभीचा हेतू होता. शनिवार-रविवार बसने डोंगरापाशी जायचे, एकट्याने चढायचे, छायाचित्रे व टिपणे घ्यायची आणि आठवड्यातील संध्याकाळी घरी बसून शाईने पाने तयार करायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यांनी मोटार कधीच चालवली नाही.

या कामातील शिस्त हिशेबनिसाचीच होती. जवळपास १०० पाने तयार झाल्यावर त्यांना ओळींच्या उजव्या कडा एका रेषेत येत नाहीत हे खटकू लागले. त्यांनी ती सारी पाने रद्द केली आणि दोन्ही समास सरळ राहतील अशा रीतीने, हातानेच, पुन्हा आरंभ केला. पुस्तकात खिळे जुळवून छापलेला मजकूर जवळजवळ नाहीच. अक्षर, नकाशे, रेखाटने सारे त्यांच्या हातचे असून पानेच्या पाने जशीच्या तशी छापली आहेत. पहिल्या खंडाच्या २,००० प्रतींच्या छपाईचा खर्च सुमारे ९५० पौंड होता आणि वेनराइट यांच्याजवळ होते ३५ पौंड. छापखान्याने विक्री होईल तसे पैसे स्वीकारण्याचे मान्य केले, म्हणून १९५५ मध्ये तो खंड बाहेर पडला. शेवटचा, सातवा खंड १९६६ मध्ये, ठरवलेल्या वेळेत पूर्ण झाला.

या ध्यासाची किंमत घराला मोजावी लागली. त्यांचा पहिला विवाह टिकला नाही. १९७० मध्ये त्यांनी बेटी मॅकनॅली यांच्याशी विवाह केला. पुस्तकांच्या मानधनातला मोठा वाटा त्यांनी केंडलजवळच्या प्राणी निवाऱ्यासाठी दिला.

एक प्रकरण कसे वाचायचे

वेनराइट यांच्या मार्गदर्शिकेचे वेगळेपण तिच्या रचनेत आहे. दऱ्या आणि सरोवरे या नैसर्गिक सीमा मानून त्यांनी प्रदेशाचे सात भाग केले : पूर्व, दूरपूर्व, मध्य, दक्षिण, उत्तर, वायव्य आणि पश्चिम. प्रत्येक भागाला एक खंड आणि प्रत्येक शिखराला एक प्रकरण. प्रकरणात ठरावीक क्रम असतो. आधी डोंगराचे स्वरूप, मग नकाशा, मग निरनिराळ्या गावांतून चढणाऱ्या वाटा, माथ्याचे वर्णन, तेथून दिसणारे दृश्य आणि अखेरीस शेजारच्या शिखराकडे जाणारी धारेवरची वाट.

सर्वांत कल्पक भाग चढाईच्या आकृत्यांचा आहे. पानाच्या तळाशी आकृती नकाशासारखी असते, म्हणजे वरून पाहिलेली. डोळा वर सरकू लागला की नकाशा हळूहळू चित्रात बदलत जातो आणि पानाच्या माथ्याशी डोंगर समोरून दिसतो तसा उभा राहतो. नकाशा वाचण्याची सवय नसलेल्या माणसालाही त्यामुळे पुढची वाट डोळ्यांसमोर दिसते. समोच्च रेषांचे गणित समजण्यासाठी लागणारे शिक्षण या पानांनी अनावश्यक केले. केवळ शौकिनांचे असलेले डोंगर त्यांनी कारकून, शिक्षक आणि कामगारांच्या आवाक्यात आणले.

दुसरे वैशिष्ट्य तपशिलांचे. सरकारी नकाशांवर भिंत ही एक रेषा असते. वेनराइट यांच्या नकाशात धड भिंत आणि पडकी भिंत यांची चिन्हे निराळी आहेत. दाट धुक्यात हाताला लागणारी भिंत हाच कित्येकदा खाली उतरण्याचा एकमेव भरवसा असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच या भेदाचे मोल कळते. खंडांच्या अर्पणपत्रिकांतही हीच नजर दिसते. पहिला खंड त्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा संस्थेच्या माणसांना, दुसरा दगडी भिंती बांधणाऱ्यांना, तिसरा या प्रदेशातील कुत्र्यांना आणि चौथा मेंढ्यांना अर्पण केला. सहाव्या खंडाचा मान मिळाला तो त्यांच्या स्वतःच्या दोन पायांना.

तिसरे वैशिष्ट्य प्रामाणिकपणाचे. स्काफेल पाइक आणि स्काफेल या दोन शेजारी शिखरांमध्ये 'ब्रॉड स्टँड' नावाचा कातळटप्पा आहे. नकाशावर अंतर नगण्य वाटते, पण तो टप्पा प्रस्तरारोहणाचा आहे आणि तेथे अनेक अपघात झाले आहेत. आपल्याला तो चढता आला नाही, हे वेनराइट यांनी सांगून टाकले आणि वाचकांना वळशाच्या वाटा दाखवल्या. कुठे जाऊ नये हे सांगण्याचे धैर्य हा चांगल्या मार्गदर्शिकेचा कस असतो.

पुस्तकातून निघालेली यादी

मालिका पूर्ण झाली तेव्हा तिच्यात २१४ शिखरे होती. सर्वांत छोटे आहे बॉरोडेल दरीतील कॅसल क्रॅग. त्याची उंची २९० मीटर. उंचीच्या कोणत्याही कसोटीवर ते बाद झाले असते, पण त्याचे रूप वेनराइट यांना आवडले म्हणून ते आत आले. ही निवड उघडउघड व्यक्तिनिष्ठ होती आणि यादी देणे हा ग्रंथाचा हेतूही नव्हता. वाचकांनी मात्र यादी तयार केली. सर्व २१४ शिखरे पूर्ण करणे हा आयुष्यभराचा संकल्प ठरला. कोणी तो ३० वर्षांत पुरा करतो, कोणी मुलांना सोबत घेऊन दुसऱ्यांदा सुरू करतो.

डोंगरधावकांनी तर ही सारी शिखरे सलग पूर्ण करण्याची स्पर्धा मांडली. वास्डेल दरीतील मेंढपाळ जॉस नेलर यांनी १९८६ मध्ये ती सात दिवस आणि काही तासांत पूर्ण केली. २०२१ मध्ये सबरीना व्हर्जी यांनी सहा दिवसांहून किंचित कमी वेळ नोंदवला. एकेका शिखरावर रेंगाळण्यासाठी लिहिलेले पुस्तक घड्याळाच्या काट्यावर धावण्याचे निमित्त झाले.

यादीचा परिणाम दुहेरी आहे. एकीकडे तिने माणसे विखुरली. जी शिखरे कोणाच्या गावीही नव्हती, त्यांच्याकडेही पावले वळली आणि स्काफेल पाइक, हेल्वेलिन, स्किडॉ अशा मोजक्या प्रसिद्ध डोंगरांवरचा भार काही अंशी वाटला गेला. दुसरीकडे पूर्वी जेथे केवळ मेंढ्यांची पाऊलवाट होती तेथे माणसांची वाट पडली. पुस्तकात तुटक रेषेने दाखवलेली वाट हजारो पावलांनी ठळक होत गेली. नकाशाने डोंगराचे वर्णन करावे हे ठरलेले, येथे डोंगरच नकाशाप्रमाणे बदलू लागला.

झिजलेली वाट आणि ती सांधणारे हात

वाट झिजते कशी? आधी पावलांखाली गवत मरते. गवताची मुळे गेली की वरची पातळ काळी माती उघडी पडते. पाऊस तिच्यात सर कोरतो, सरीची घळ होते. घळीत चालणे अवघड म्हणून माणसे कडेच्या गवतावरून जातात, तेथेही तेच घडते आणि वाट रुंदावत जाते. सुटलेली माती ओढ्यांतून सरोवरांत उतरते व तेथील पाणी गढूळ करते.

हवामान या झिजेला हातभार लावते. बॉरोडेलमधील सीथवेट हे इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाचे वस्तीचे ठिकाण मानले जाते. तेथे वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून अधिक पाऊस पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोसळतो. पण सह्याद्रीत त्यानंतर आठ महिने जमीन वाळते आणि घट्ट होते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाऊस बारा महिन्यांत पसरलेला असतो, माती कधी पुरती वाळत नाही आणि हिवाळ्यात ती गोठून भुसभुशीत होते. त्यामुळे येथे एकदा पडलेली जखम आपोआप भरून येत नाही.

या जखमा भरण्यासाठी या शतकाच्या आरंभापासून 'फिक्स द फेल्स' हा उपक्रम चालतो. राष्ट्रीय उद्यान प्राधिकरण, नॅशनल ट्रस्ट आणि अन्य संस्था त्यात एकत्र आल्या आहेत. पगारी कामगारांच्या जोडीला स्वयंसेवक पहारीने वाटेवरचे पाण्याचे चर मोकळे करतात. जेथे उतार तीव्र आहे तेथे जड दगड उभे गाडून पायऱ्यांसारखी फरसबंदी केली जाते. हे तंत्र जुन्या गवंड्यांकडून घेतलेले आहे. माथ्यावर दगड पुरेसे नसतील तर ते हेलिकॉप्टरने नेले जातात. वाटेचे पाणी वाटेवरून दूर करणे हाच या साऱ्या कामाचा गाभा असतो.

माणसांच्या सुरक्षेचा भारही स्वयंसेवकच वाहतात. या प्रदेशात डोंगर बचावाची १२ पथके आहेत. त्यांतील सदस्य शिक्षक, शेतकरी, दुकानदार असतात आणि हाक आली की हातचे काम टाकून निघतात. बचावाचे शुल्क आकारले जात नाही. वर्षाला एक कोटीहून अधिक पर्यटक येणाऱ्या या उद्यानात कायमचे रहिवासी सुमारे ४० हजार आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या सेवेचे मोल उमगते.

येथील व्यवस्था किती नाजूक आहे हे २००१ मध्ये दिसले. ब्रिटनमध्ये जनावरांना लाळ्या-खुरकुत रोगाची साथ आली आणि संसर्ग रोखण्यासाठी मोठ्या संख्येने मेंढ्या मारल्या गेल्या. डोंगरवाटा महिनोन् महिने बंद राहिल्या. पर्यटक नाहीसे झाले, त्याबरोबर गावांचे उत्पन्नही आटले. हद्द जाणणारे कळपच संपले तर ते ज्ञान नव्या मेंढ्यांना कोण देणार, ही भीती मेंढपाळांना होती. डोंगर जपायचा म्हणजे वाट, भिंत आणि कळप या तिन्हींची राखण करायची, हा धडा त्या वर्षाने दिला.

हस्तलिखिताची दुरुस्ती

वेनराइट यांनी हयातीत पुस्तकात बदल होऊ दिले नाहीत. आपण पाहिलेले डोंगर त्या काळचे आहेत आणि ते तसेच राहावेत, ही त्यांची भूमिका होती. मात्र आपल्या पश्चात ख्रिस जेस्टी यांनी दुरुस्ती करावी, यास त्यांनी संमती दिली होती. वेनराइट यांचे २० जानेवारी १९९१ रोजी निधन झाले. जेस्टी यांनी उपग्रहाधारित उपकरण घेऊन साऱ्या वाटा पुन्हा चालून पाहिल्या आणि २००५ ते २००९ या काळात दुसरी आवृत्ती सिद्ध केली. हस्ताक्षराचे वळण मूळ पानांसारखे ठेवून वाटा लाल रंगात दाखवल्या गेल्या. त्यानंतर क्लाइव्ह हचबी यांनी तिसरी आवृत्ती तयार केली.

दुरुस्ती हा केवळ सौजन्याचा भाग नव्हता. स्काफेलवरील 'लॉर्ड्स रेक' या घळीत या शतकाच्या सुरुवातीला दरड कोसळून मोठा धोंडा वाटेवरच अडकून राहिला आणि २०१६ मध्ये तोही कोसळला. जुन्या पुस्तकावर विसंबून तेथे जाणाऱ्याला अशा धोक्याची कल्पना येणे शक्य नव्हते. कायदाही बदलला. २००० च्या कायद्याने नकाशावर निश्चित केलेल्या मोकळ्या डोंगरभागात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. वेनराइट यांच्या काळात हे फिरणे बहुतांशी रूढीवर आणि जमीनमालकाच्या सहनशीलतेवर अवलंबून होते.

त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाची कहाणीही बोलकी आहे. १९७३ मध्ये त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील सेंट बीज ते पूर्व किनाऱ्यावरील रॉबिन हूड्स बे अशी सुमारे ३०० किलोमीटरची वाट स्वतः आखून दिली. तिला सरकारी मान्यता नव्हती, फलक नव्हते. लोक पुस्तक हाती घेऊन चालत राहिले आणि २०२२ मध्ये सरकारने ती राष्ट्रीय पदयात्रा मार्ग म्हणून मान्य केली. आधी पुस्तक, मग वाट आणि अखेरीस सरकारी मोहोर, असा हा उलटा प्रवास.

मोबाइल नकाशा आणि सह्याद्री

आता अनेकांच्या हाती पुस्तकाऐवजी मोबाइल असतो. तो आपण कुठे आहोत हे अचूक सांगतो. समोरची धार पावसात निसरडी होते, ही घळ उतरायची नसते किंवा या भिंतीवरून उडी मारली तर दगड ढासळतात, हे त्याला ठाऊक नसते. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या ब्रिटनच्या सर्वोच्च पर्वताबाबत एका डिजिटल नकाशावर सुचवला गेलेला मार्ग प्राणघातक ठरू शकतो, असा इशारा तेथील गिर्यारोहण संस्थांना २०२१ मध्ये द्यावा लागला. वाट दाखवणारा स्वतः त्या वाटेने चालला आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न भारतालाही परका नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतील ११ महाराष्ट्रात असून जिंजी तमिळनाडूत आहे. साल्हेर, राजगड, लोहगड यांसारख्या गडांकडे जाणाऱ्या वाटा आता नव्या यादीचा भाग झाल्या आहेत. सह्याद्रीत डोंगरवाटांवर लिहिण्याची परंपरा जुनी व समृद्ध आहे. गो. नी. दांडेकर यांच्या दुर्गलेखनाने मराठी वाचकाला गडाकडे नेले आणि हरीश कपाडिया यांच्या 'ट्रेक द सह्याद्रीज'ने भटक्यांना घाटवाटांचा तपशील दिला. पुढची पायरी लेक डिस्ट्रिक्टच्या अनुभवातून दिसते. वाट प्रसिद्ध करताना तिच्या डागडुजीची, पाण्याच्या निचऱ्याची, बचाव पथकाची आणि पायथ्याच्या गावाच्या हिताची तरतूद त्याच वेळी करावी लागते. गर्दी झाल्यावर केलेली उपाययोजना नेहमी महाग पडते.

वेनराइट यांना सर्वांत प्रिय होते ते हेस्टॅक्स हे ५९७ मीटर उंचीचे, तुलनेने छोटे शिखर. त्यांच्या इच्छेनुसार मार्च १९९१ मध्ये तेथील 'इनोमिनेट टार्न' या तळ्याकाठी त्यांच्या अस्थी विखुरण्यात आल्या. तळ्याच्या नावाचा अर्थच 'अनामिक' असा आहे. एकांत शोधणाऱ्या त्या माणसाच्या ओढीने आता तेथे वर्षभर माणसे येतात, आणि त्यांच्या पावलांनी झिजलेली वाट दरवर्षी कोणीतरी दगड लावून नीट करते.